लाल वाइन मटणाला, पांढरी मासळीला? हा नियम फ्रान्समध्येही चालत नाही

वाइनबद्दलची एक पोस्ट व्हॉट्सॲपवर सारखी फिरत असते. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. लाल वाइन मटण-चिकनबरोबर आणि पांढरी मासळीबरोबर. अदलाबदल केली की दोन्हींची चव बिघडते. लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नाही, ती 'रूम टेम्परेचर'लाच प्यायची; पांढरी मात्र जितकी गार तितकी चांगली. लाल जितकी जुनी तितकी भारी, पांढरी वर्षा-दोन वर्षांत संपवायची. चीजबरोबर लालच हवी. आणि शेवटी, फ्रेंच वाइन आपल्या जेवणाबरोबर जातच नाही. खाली ठसक्यात लिहिलेलं असतं की फ्रान्समध्ये हे नियम शेकडो वर्षं पाळले जातात.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे शेवटचं वाक्य. ते वाचून माणूस मुकाट्याने मान डोलावतो आणि कुणीतरी प्रेमाने आणलेली चांगली बाटली चुकीच्या तापमानाला, चुकीच्या ताटाबरोबर उघडतो. म्हणून मुद्देसूद उत्तर देतो, आणि हवेत बोलायला नको म्हणून एकच फ्रेंच वाइनरी समोर ठेवतो: शातो द बोकास्तेल.

दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्यों शहराच्या उत्तरेला, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोनफ-द्यु-पाप नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकात पोप रोमऐवजी आव्हिन्योंला राहत होते, तेव्हा त्यांनी इथे उन्हाळ्यासाठी किल्ला बांधला. गावाच्या नावातला 'पाप' म्हणजे पोप. इथल्या बऱ्याच द्राक्षमळ्यांत माती जवळपास दिसतच नाही. जमिनीवर गुळगुळीत गोटे पसरलेले असतात, काही मुठीएवढे, काही नारळाएवढे, नदीने फार पूर्वी वाहून आणलेले. दिवसभर तापलेले गोटे सूर्य मावळल्यावरही वेलींना ऊब देतात, आणि त्यांच्याखालची चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात ओल धरून ठेवते. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा असा वाहतो की पानांवर बुरशी टिकणं अवघड. या गावाने 1923 साली इथलेच एक मळेवाले बॅरन ल रुआ यांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम घालून घेतले: कुठली जमीन, कुठली द्राक्षं, किमान किती अल्कोहोल. फ्रान्सने 1936 साली त्यांना कायद्याचं रूप दिलं. बोकास्तेलचा मळा याच भागात, पेरँ कुटुंबाकडे आहे. ते तिथे लाल वाइनही करतात आणि पांढरीही.

आता पहिला मुद्दा, कारण बाकीचे सगळे त्याच्यावरच उभे आहेत. लाल मटणाला, पांढरी मासळीला.

मुळात रंगाची ही भिंत वाइनरीच्या आतच पक्की नाही. शातोनफच्या लाल वाइनला जुन्या मोजणीने तेरा जातींची द्राक्षं चालतात आणि त्यांत पांढऱ्या जातीही आहेत. गावातले बहुतेक उत्पादक ग्रनाश या काळ्या जातीवर भर देतात. बोकास्तेल मात्र तेराच्या तेरा जाती लावतं आणि लाल वाइनमध्ये त्या सगळ्या वापरतं; मूर्वेद्र आणि ग्रनाश मिळून निम्म्याहून जास्त, उरलेल्यात सिराह, कुन्वाज, सेंसो आणि पांढऱ्या जातींचा थोडा वाटा. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसही रंगहीनच असतो. लाली येते सालीतून, आणि सालीतून टॅनिनही येतं. ताटाशी जमायचं की नाही हे ठरवायला हे टॅनिन कामाचं आहे, रंग नाही.

कोरा, कडक चहा प्यायल्यावर जिभेवर जो कोरडेपणा राहतो, तो टॅनिनचा. लाळेतली प्रथिनं ते धरून ठेवतं म्हणून तोंड सुकतं. घासात चरबी आणि प्रथिनं भरपूर असली की टॅनिनची धार बोथट होते, मीठ कडवटपणा दाबतं. म्हणून मटण आणि लाल वाइन जमतं. पण हे सगळ्या मटणाला लागू नाही. बोकास्तेलच्या लाल वाइनमध्ये मूर्वेद्रमुळे चामडं, ओली माती, सुकं मांस यांचा वास असतो. तिला हवं असतं प्रोव्हान्सचं, म्हणजे याच दक्षिणेकडच्या मुलखाचं, दोब: मांसाचे मोठे तुकडे वाइनमध्ये मुरवून, ऑलिव्ह, संत्र्याची साल, थाइम घालून, झाकण लावून मंद आचेवर तासन् तास शिजवलेलं. रस्सा दाट होतो, सांध्यातला जेलॅटिन ओठांना चिकटतो, आणि वाइनचं टॅनिन त्या चिकटपणाला कापत जातं. तीच बाटली कोंबडीच्या वाफवलेल्या छातीच्या तुकड्याबरोबर उघडा. मांसच आहे, पण वाइन त्याला गिळून टाकेल.

फ्रेंच लोक हा नियम शेकडो वर्षं पाळतात म्हणे. फ्रान्सच्याच आल्सास भागात आंबवलेल्या कोबीवर डुकराचं मांस आणि सॉसेज रचून श्युक्रूत वाढतात, आणि शेजारी असते पांढरी रिसलिंग. ज्युरा भागात कोंबडी शिजवतात पिवळसर, अक्रोडाच्या वासाच्या व्हँ जोन या वाइनमध्ये, आणि पितातही तीच. ती पांढऱ्या द्राक्षांचीच आहे. उलट बोर्दोमध्ये लँप्रे हा ईलसारखा लांबट जलचर लाल वाइनमध्ये आणि त्याच्याच रक्तात शिजवतात आणि लाल वाइनबरोबरच खातात. ही तिन्ही त्या त्या मुलखाची मानाची पक्वान्नं आहेत, कुणा हौशी शेफचे प्रयोग नाहीत.

तरीही पोस्टमध्ये एक खरा अनुभव दडलेला आहे आणि तो झटकून टाकणं बरोबर नाही. तव्यावर तळलेली सुरमई खाऊन वर टॅनिनवाली लाल वाइन प्या. घोट घेताना काही वाटत नाही. गिळल्यावर चार-पाच सेकंदांनी जिभेच्या मागच्या बाजूला शिळ्या मासळीचा आणि लोखंडाचा मिळून वास उठतो, मासळी अगदी ताजी असली तरी. लोक याचा दोष लाल रंगाला देतात, जाणकार टॅनिनला देत. 2009 साली जपानमधल्या मर्शियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी साठाहून अधिक वाइन स्कॅलप या शिंपल्यांबरोबर चाखून पाहिल्या आणि कारण शोधलं: वाइनमधलं लोह. लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर लोह असलं की मासळीच्या तेलाशी त्याची गाठ पडून तो वास तयार होतो. लोह बांधून ठेवणारं द्रव्य वाइनमध्ये घातलं तर वास कमी झाला. लोहाचं प्रमाण द्राक्षाची जात, माती, वर्ष, वाइनरीतली भांडी यांवर बदलतं. लाल वाइनमध्ये ते बरेचदा जास्त असतं, म्हणून नियम खरा वाटतो. पण कमी लोहाची लाल वाइन मासळीशी छान नांदते, आणि पांढरी आहे म्हणून आपोआप सुटका होत नाही.

आता त्याच मळ्यातली पांढरी. बोकास्तेलची पांढरी मुख्यतः रुसान जातीची. जुन्या वेलींच्या निव्वळ रुसानची एक वेगळी बाटलीही ते काढतात. मध, जर्दाळू, बदाम, थोडं मेण, आणि तोंडात तेलासारखा भरीवपणा, आंबटपणा कमी. 'पांढरी म्हणजे हलकी' असं धरून ही वाइन वाफवलेल्या पापलेटबरोबर दिलीत तर पापलेटचं नावच उरणार नाही. तिला भरलेलं ताट लागतं: लोण्यात भाजलेली कोंबडी, लॉब्स्टर, सायीतलं मशरूम, नीम शहराची ब्रांदाद (खारवलेला कॉड मासा ऑलिव्ह तेल आणि दुधात घोटून केलेला), आणि हिवाळ्यात त्याच भागातल्या काळ्या ट्रफलचे (जमिनीखाली वाढणारी सुवासिक अळंबी) काप घातलेलं अंड्याचं ऑम्लेट. यादीत कोंबडीही आहे, मासाही आहे. जमवणारी गोष्ट आहे स्निग्धपणा.

जुन्या-नव्याच्या मुद्द्याला हीच बाटली उत्तर देते. बोकास्तेलची पांढरी पहिली तीन-चार वर्षं मोकळी असते, मग बहुतेक वेळा मिटून जाते. त्या काळात उघडणाऱ्याला वाटतं, वाइन मेली. आणखी काही वर्षांनी ती पुन्हा उघडते, तेव्हा भाजलेले काजू, केशर, सुकलेली फळं यांचे वास येतात. चांगल्या वर्षाची बाटली वीस वर्षंही सहज जाते. वर्षा-दोन वर्षांत संपवा असं सांगणारा माणूस या वाइनचं अर्धं आयुष्य बघतच नाही. दुसऱ्या टोकाला, दुकानात मिळणाऱ्या लाल वाइनपैकी बहुतांश वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच केलेली असते. ती कपाटात ठेवून कुणी दहा वर्षं वाट पाहिली तर हाती थकलेलं, तपकिरी पाणी येतं. आपल्याकडच्या कपाटात तर त्याहून लवकर, कारण सतत तीस अंशांच्या उकाड्यात बोकास्तेलची लालसुद्धा तग धरत नाही. मला याचं फार वाईट वाटतं: लग्नात मिळालेली बाटली शोकेसमध्ये दिव्याखाली उभी असते आणि घरचे अभिमानाने सांगतात की मुरते आहे.

तापमानाचं थोडक्यात. 'रूम टेम्परेचर' हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांतून आला, तिथली खोली सोळा-अठरा अंशांची असे. नागपूरच्या मे महिन्यातली खोली तशी नाही. शातोनफच्या लाल वाइनमध्ये अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असतं. तीस अंशांना फळाच्या वासाआधी तेच नाकात चढतं. लाल बाटली प्यायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवा आणि बिनधास्त ठेवा. रुसान मात्र थेट फ्रिजमधून चार-पाच अंशांना ओतू नका, तिचा आवाजच बंद होतो. बारा-चौदा अंशांना ती बोलते.

चीज आणि लाल वाइन ही जोडी इतक्या ठिकाणी छापलेली असते की तिच्याविरुद्ध कुणी बोलत नाही. पण मऊ, पिकलेल्या चीजचा अमोनियाकडे झुकणारा वास टॅनिनला कडू, धातूसारखं करतो. याच प्रोव्हान्समध्ये बानों नावाचं बकरीच्या दुधाचं चीज होतं, चेस्टनटच्या पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं. दोरा सोडला की आतलं चीज पानावर पसरतं. त्याच्यासोबत बोकास्तेलची लाल घेऊन पाहा आणि पांढरी घेऊन पाहा. माझ्या मते पांढरीसमोर लाल टिकत नाही. लालला कठीण, कोरडं, गाईच्या किंवा मेंढीच्या दुधाचं जुनं चीज द्या, तिथे ती शोभते.

राहिला आपल्या जेवणाचा मुद्दा. 'आपलं जेवण' असं एकच जेवण नसतं. वाइनला अडचण येते ती तिखटाची आणि आंबटाची. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, म्हणून तांबडा रस्सा आणि चौदा टक्क्यांची शातोनफ एकत्र नको; तिथे लालही नको आणि ही पांढरीही नको. कोकम घातलेल्या कालवणासमोर रुसान सपक लागते, कारण घासातला आंबटपणा वाइनपेक्षा जास्त होतो. तिथे फ्रान्सच्याच लवार खोऱ्यातली आंबटसर पांढरी सोव्हिन्यों ब्लां घ्या, किंवा मूळची त्याच खोऱ्यातली शेनिन ब्लां, जी आता नाशिकला चांगली होते. पण कोल्हापुरी पांढरा रस्सा घ्या: नारळाचं दूध, काजू, खसखस, खडा मसाला, तिखट बेताचं. रुसानला हवा तो सगळा स्निग्धपणा त्यात आहे. तुपात परतलेली, काळी मिरी घातलेली कोंबडी घ्या. आणि लालसाठी, मिरची हात राखून घातलेलं, कांदा-खोबऱ्याच्या भाजक्या वाटणाचं, नळ्या घालून तीन तास शिजवलेलं मटण. बोकास्तेल परवडत नसेल तर त्याच कुटुंबाची, मळ्याशेजारच्या जमिनीतली कुदुले द बोकास्तेल बघा, ती लालही आहे आणि पांढरीही. रस्सा तेवढा आधी चाखून पाहा: जिभेला झोंबत असेल तर बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.