कंट्रोल म्हणजे दुसरी वही

मुलांवर कंट्रोल ठेवा, खर्चावर कंट्रोल ठेवा, हाताखालच्या माणसांवर कंट्रोल ठेवा. हा इंग्रजी शब्द आपण इतका आपलासा केलाय की त्याचा एकच अर्थ उरलाय: मुठीत ठेवणं. मला हे खटकतं, कारण शब्दाचं मूळ जवळजवळ उलटी गोष्ट सांगतं.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कॉन्ट्रारोटुलस’ असा शब्द होता. ‘कॉन्ट्रा’ म्हणजे समोरचा, विरुद्ध बाजूचा आणि ‘रोटुलस’ म्हणजे गुंडाळी. हिशेब तेव्हा चामड्याच्या लांब पट्ट्यांवर लिहून गुंडाळून ठेवत. एक गुंडाळी पैसे वसूल करणाऱ्याकडे, दुसरी वेगळ्या माणसाकडे. दोन्ही शेजारी ठेवून ताळा घ्यायचा, याला म्हणायचं कंट्रोल. फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ हाच होता.

कवी जेफ्री चॉसर 1374 साली लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचा कंट्रोलर झाला. पैसे तो गोळा करत नसे, ते काम कलेक्टरांचं. किती लोकर परदेशी चालली, तिच्यावर किती जकात बसली, याची आपली स्वतंत्र नोंद त्याने ठेवायची. नेमणुकीतली एक अट मला फार आवडते: नोंदी त्याने स्वतःच्या हाताने लिहायच्या. पुढे खजिन्यात कलेक्टरांचा हिशेब या नोंदींशी ताडून बघायचा, अशी व्यवस्था. कलेक्टर मात्र लंडनचे बडे व्यापारी, प्रत्यक्ष राजाला कर्ज देणारे. त्यांच्यापुढे एका कारकुनाच्या नोंदीचं किती चालत असेल, ही शंका रास्तच आहे. पण कल्पना बघा ना! कंट्रोलर कोणाला हुकूम सोडत नसे. ज्याच्या हातात पैसा, त्याच्या हातात एकट्याने हिशेब नको, एवढ्यासाठी तो तिथे होता.

पुढे अर्थ सरकला. जो तपासू शकतो तो अडवूही शकतो, अडवणारा हळूहळू चालवू लागतो आणि तपासणीचा अधिकार सत्ता होऊन बसतो. जुना अर्थ अजून काही कोपऱ्यांत टिकून आहे. फ्रेंचमध्ये तिकीट तपासनीस आजही ‘कोंत्रोलर’च. नव्या औषधाच्या चाचणीत ज्यांना ते औषध देत नाहीत तो ‘कंट्रोल ग्रुप’, कारण त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही.

म्हणून एखाद्या संस्थेत चेकवर सही करणारा, पावत्या ठेवणारा आणि हिशेब वाचून दाखवणारा एकच माणूस असेल आणि लोक कौतुकाने ‘सगळं त्यांच्या कंट्रोलमध्ये आहे’ म्हणत असतील, तर जुन्या अर्थाने तिथे कंट्रोल नावाची गोष्टच नाही. माणूस प्रामाणिक आहे, हे उत्तर मला पटत नाही. प्रामाणिक माणसालाही दुसऱ्या वहीचा आधारच होतो, उद्या कोणी बोट दाखवलं तर तीच त्याच्या बाजूने बोलते.

घरात तर हे जास्तच टोचतं. बायकोकडून भाजीचा पै-पैचा हिशेब घेणारा नवरा स्वतःचा पगार, कर्ज, गुंतवणूक यांतलं काहीच तिला दाखवत नाही आणि वर म्हणतो, ‘घरावर कंट्रोल लागतो.’ कंट्रोल खरंच हवा असेल, तर बँकेची कागदपत्रं तिच्यासमोर ठेवावीत आणि तिलाही तिची वही लिहू द्यावी.