‘फुफ्फुसाची चिप’ छातीत बसवत नाहीत

‘हार्वर्डने फुफ्फुसाची चिप बनवली, आता प्रत्यारोपण नको’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी मांडलेली ही पारदर्शक, रबरी चिप पेनड्राइव्हएवढी असते आणि प्रयोगशाळेतच राहते. आत अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद अशा दोन वाहिन्या, मध्ये सच्छिद्र पडदा. एकीकडे फुफ्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसरीकडे रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. कडेच्या पोकळ्यांतली हवा ओढली की पडदा ताणतो, श्वास घेतल्यासारखा. केवढी सुंदर कल्पना! पण ती औषधं आणि घातक कण तपासण्यासाठी आहे. भारतातही २०२३ च्या नियमदुरुस्तीने औषधचाचणीत अशा चिपना जागा दिली. प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्यांनी या मेसेजवर विसंबून नाव मागे घेऊ नये, ही कळकळीची विनंती.