‘बाळंतपणानंतर लघवी गळणारच’: ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

स्त्रियांच्या आरोग्याविषयीचा एक संदेश मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. मूल झालेल्या बाईची लघवी खोकताना-शिंकताना थोडी गळणारच, असे तो आधी सांगतो. ज्यांना ती थांबवायची असेल त्यांनी लघवी करताना रोज मध्येच धार रोखावी आणि एरवी दिवसातून शंभर वेळा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळावेत, असा सल्ला तो पुढे देतो. सिझेरियन झालेल्या किंवा मूल न झालेल्या स्त्रियांना या व्यायामाची गरज नाही आणि पाळी गेल्यानंतर त्याचा उपयोग नाही, असेही त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही.

‘गळणारच’ हा शब्द सर्वांत जास्त नुकसान करतो. पुढे जघनास्थीपासून (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून) मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना आधार देतात, आणि पोटातला दाब अचानक वाढला की मूत्रमार्ग मिटून धरण्यास मदत करतात. गर्भारपणातला भार, प्रसूतीच्या वेळी पडणारा ताण, जुनाट खोकला, बद्धकोष्ठतेमुळे कुंथणे आणि वाढलेले वजन यांमुळे हा आधार सैल पडतो. तक्रार पुष्कळ जणींना असते हे खरे, परंतु पुष्कळ जणींना असलेला विकार अटळ असतो असे मुळीच नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, खोकताना किंवा उडी मारताना लघवी गळणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या सुमारे ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. तो न करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी स्त्रिया प्रवास टाळतात, मनमोकळे हसणे टाळतात आणि पाणी पिणे कमी करतात. पाणी कमी प्यायल्याने लघवी अधिक दाट होऊन मूत्राशय अधिकच चिडचिडे होऊ शकते, हेही त्यांना कोणी सांगत नाही.

धार रोखण्याच्या सल्ल्याबाबत अधिक सावध राहायला हवे. नेमका कोणता स्नायू आवळायचा हे ओळखण्यासाठी एखाद्या वेळी धार थांबवून पाहिली तर बिघडत नाही. पण तोच रोजचा व्यायाम करू नये. लघवी होताना मूत्राशय आकुंचन पावते आणि त्याच वेळी तळाचे स्नायू सैल होतात. हा मेळ वारंवार मोडला तर मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची आणि त्यातून संसर्गाची शक्यता निर्माण होते. योग्य पद्धत अशी, की मूत्राशय रिकामे असताना, आडवे पडून किंवा बसून, वायू रोखताना आवळतो तसा गुदद्वाराभोवतीचा आणि योनीभोवतीचा भाग आत व वर ओढून घ्यावा, काही सेकंद धरावा आणि मग पूर्ण सैल सोडावा. श्वास चालू राहिला पाहिजे. मांड्या, नितंब आणि वरचे पोट ताठ होता कामा नये. याच्या जोडीला खोकण्यापूर्वी किंवा वजन उचलण्यापूर्वी क्षणभर हे स्नायू आवळण्याची सवय लावली, तर ती रोजच्या व्यवहारात फार उपयोगी पडते.

हे वाचून सर्वांनाच जमेल, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, केवळ तोंडी सूचना मिळालेल्या स्त्रियांपैकी साधारण निम्म्याच जणींना स्नायू नीट आवळता आले, आणि जवळपास चौथा हिस्सा स्त्रियांची पद्धत तर गळती वाढवू शकेल अशी होती, कारण त्या वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या. ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो त्या डॉ. आर्नल्ड केगल यांनीही १९४८ मधील आपल्या लेखनात केवळ सूचनांवर भिस्त ठेवली नव्हती. स्नायूंचा दाब रुग्णेला स्वतःला पाहता यावा म्हणून ते दाबमापक उपकरण वापरत. म्हणून शक्य असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावे.

शंभर या आकड्याला काही आधार नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा आणि किमान ३ महिने, तेही देखरेखीखाली, असा हा क्रम आहे. काही स्त्रियांचे स्नायू मुळात सैल नसून सतत आवळलेले असतात. त्यांना संबंधाच्या वेळी वेदना होतात, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो किंवा शौचाला त्रास होतो. त्यांनी आणखी आवळत राहिल्यास दुखणे वाढू शकते. त्यांना आधी सैल सोडायला शिकावे लागते.

सिझेरियनने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. नॉर्वेत १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (२००३) लघवी गळण्याचे प्रमाण मूल न झालेल्यांत सुमारे १० टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत १६ टक्के आणि योनीमार्गे प्रसूती झालेल्यांत २१ टक्के आढळले. म्हणजे पहिल्या गटातही दहापैकी एकीला ही तक्रार होती. उड्या आणि धावण्याचे खेळ खेळणाऱ्या तरुण मुलींमध्येही ती आढळते, आणि त्या ती बहुधा कुणापाशी बोलत नाहीत.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने योनी व मूत्रमार्गाभोवतीच्या ऊती पातळ होतात, पण स्नायूंची बळकट होण्याची क्षमता संपत नाही. अंग (म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत) किंचित खाली उतरल्याचा त्रास होत असेल, तर ‘नाइस’ १६ आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून पाहण्यास सांगते, आणि त्याला वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. घाईची लघवी लागून वाटेतच गळत असेल, तर व्यायामासोबत लघवीच्या दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवण्याचे प्रशिक्षण दिले जाते. मात्र लघवीतून रक्त जाणे, योनीतून गोळा बाहेर आल्यासारखे वाटणे, लघवी तुंबणे किंवा वारंवार संसर्ग होणे यांपैकी काहीही असल्यास व्यायामाचा परिणाम दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आणि गळतीबरोबर पाय किंवा जांघेचा भाग अचानक बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.