पैसे पूर्ण भरले, मग चावी कंपनीकडे का?

राइट टू रिपेअरचा, म्हणजे आपली वस्तू हवी तिथे दुरुस्त करून घ्यायच्या हक्काचा विषय निघाला की सगळे स्क्रीन, बॅटरी आणि स्पेअर पार्टचंच बोलतात, पण मला विचाराल तर खरा घोळ तिथे नाहीचे. पुण्यात तपकीर गल्लीत जा, हवा तो पार्ट कुठून तरी मिळतो, जोडून देणारी पोरंही हुशार आहेत. ती अडतात सॉफ्टवेअरच्या लॉकपाशी, म्हणजे वस्तूत कुठलं सॉफ्टवेअर चालेल ते कंपनीच ठरवते आणि ते बदलायची चावी (कोड) स्वतःकडेच ठेवते.

आमच्या टीव्हीला मध्ये एक अपडेट आला, कुणी मागितला नव्हता, आणि तेव्हापासून टीव्ही लावला की आधी जाहिरात. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, सर ते नवीन फीचर आहे, बंद नाही होणार. म्हणजे फ्लॅटचे पूर्ण पैसे घ्यायचे, इंडेक्स टू आपल्या नावावर करून द्यायचा आणि मेन डोअरची एक चावी बिल्डरने खिशात ठेवायची, मनात येईल तेव्हा हॉलमध्ये फ्लेक्स लावून जायचं!

हे आजचं नाही. सोनीने प्लेस्टेशन ३ विकताना त्यावर लिनक्स (विंडोजसारखी दुसरी सिस्टीम) टाकायची सोय दिली होती, २०१० मध्ये अपडेट पाठवून काढून घेतली, अपडेट नको म्हणालात तर ऑनलाइन खेळणं बंद. २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी अचानक दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज नाकारली, कारण तेच, फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर. अ‍ॅपलने बॅटरी जुनी झालेले आयफोन स्लो केले आणि डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून केलं म्हणतात, असेलही, पण ज्याचा फोन आहे त्याला सांगायला काय झालं होतं? फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड लावला तो या न सांगण्याबद्दलच.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं लॉक तोडणंच बेकायदेशीर, मग दर तीन वर्षांनी सवलती मागत बसायचं, फोनच्या जेलब्रेकला (कंपनीचं लॉक तोडून हवे ते अ‍ॅप टाकायला) ती २०१० मध्ये मिळाली. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ (२०१२ ची दुरुस्ती) त्यामानाने शहाणं आहे, त्यात कॉपीराइट मोडायच्या हेतूने लॉक तोडलं तर शिक्षा. पण चावी द्यायची सक्ती कंपनीवर नाही ना! हुवावेने २०१८ मध्ये बूटलोडरचे (फोन सुरू होताना कुठली सिस्टीम चालेल ते ठरवणारा भाग) अनलॉक कोड देणं सरळ बंद केलं, झालं, संपलं. स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकताना आधीपासून टाकलेले गुगलचे अ‍ॅप काढू द्या असंही सांगितलं, म्हणजे सरकारला मनात आणलं तर जमतं. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ ला आपल्या पुण्यातूनच सुरू झाली, तेव्हा इथल्या लोकांनी तरी यावर गप्प बसू नये असं मला वाटतं (आणि पुणेकर गप्प बसणार म्हणजे काय).

माझं मागणं फार नाही. अपडेट किती वर्षं देणार ते खोक्यावर छापा, आणि ज्या दिवशी द्यायचं थांबवाल त्या दिवशी अनलॉक कोड द्या, म्हणजे चांगला चालणारा फोन भंगारात जाणार नाही.

आता कमेंटमध्ये सिक्युरिटीवाले येतीलच, की काका-काकूंचे फोन हॅक होतील, बँकेचे अ‍ॅप चालणार नाहीत. मान्य आहे, असू दे की लॉक, सगळ्यांच्या फोनला पहिल्यापासून असू दे. पण जो ग्राहक बिल दाखवून चावी मागेल त्याला द्या, सॉफ्टवेअरची वॉरंटी गेली असं लिहून घ्या हवं तर, मी सही करायला तयार आहे.