मुलगे कसले बळी? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की, इज्जतीपायी मरतात त्या मुली, मारतात ते बाप-भाऊ. मग मी लेखात म्हटलं तसं ‘मुलगेही बळी’ म्हणणं म्हणजे मारणाऱ्यांना पाठीशी घालणं.

एक आधी कबूल करतो. ‘मुलगा-मुलगी दोघंही सारखेच बळी’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. सारखे नाहीत. मागे घेतो.

पण खर्डा आठवा. जामखेड तालुका, २८ एप्रिल २०१४. १७ वर्षांचा दलित मुलगा. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढाच संशय. शाळेतून मारत नेल्याची फिर्याद होती, मग तो झाडाला लटकलेला सापडला. खटल्यात साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये सोनईत मेहतर समाजाचे तीन तरुण मारले गेले, त्यांतल्या एकाच्या प्रेमापायी. हे चौघं तुमच्या हिशेबात कुठे बसतात? त्यात जातीचा रकानाच नाही! तुम्ही फक्त मुलींसाठी मागताय ती सुरक्षागृहं सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर मार्च २०१८ मध्ये दिलेल्या निकालात जोडप्यांसाठी सुचवली होती, ती उगाच नव्हे.

आता वैजापूर तालुका. डिसेंबर २०२१ मध्ये लाडगावात घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली पोरगी आई-भाऊ आले म्हणून चहा ठेवत होती, आणि भावाने कोयता चालवला, असं पोलिसांनी सांगितलं. त्या भावाची वकिली मी करणार नाही. पण कोयत्याच्या आधी पोरांच्या हातात काय देतात, ते मला ठाऊक आहे.

मी आठवीत, चुलतबहीण अकरावीत. दोघांची एसटी एकच. काका म्हणाले, ‘तिच्या मागच्या सीटवर बसायचं, कुणाशी बोलते ते सांगायचं.’ रोजचा वडापाव ठरला. पहिल्यांदा काही सांगितलं नाही, तेव्हा पट्ट्याने मार खाल्ला. नंतर सांगितलं: एका मुलाने तिच्यासाठी जागा धरली होती. बस्स, एवढंच. पुढच्या आठवड्यात तिचं कॉलेज सुटलं, वैशाखात लग्न लागलं.

पट्ट्याचा वळ मी चार दिवसांत विसरलो. ती मला अजून राखी बांधते. एसटीचा विषय दोघंही काढत नाही.