डबाबंद टोमॅटोपेक्षा डाएट सोडा बरा? एका संदेशाला उत्तर

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गेले काही दिवस एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: डबाबंद टोमॅटोतले सत्त्व उष्णतेने गेलेले असते, डाएट सोडा (साखरेऐवजी कृत्रिम गोडक घातलेले शीतपेय) काय आणि हा टोमॅटो काय, दोन्ही कारखान्यात तयार झालेलेच, त्यातही सोड्यात उष्मांक शून्य आणि मीठ नगण्य, शिवाय डब्याच्या अस्तरातले रसायन टोमॅटोत उतरते, म्हणून दोहोंत सोडा बरा. न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माझ्या मावशीने तो वाचून फडताळातले टोमॅटोचे डबे देऊन टाकले आणि जेवणाबरोबर सोड्याचा कॅन घ्यायला सुरुवात केली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा सत्त्वाचा. उष्णतेने क जीवनसत्त्व घटते, हे खरे आहे. पण ते संपत नाही. 100 ग्रॅम ताज्या टोमॅटोत ते सुमारे 14 मिलीग्रॅम असते आणि डब्यातल्या टोमॅटोत साधारण 9 ते 13 मिलीग्रॅम उरते. लायकोपीन या लाल रंगद्रव्याचे तर उलटच घडते. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002 साली टोमॅटो 88 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून पाहिले, तेव्हा क जीवनसत्त्व सुमारे 29 टक्क्यांनी घटले, मात्र पेशींच्या भिंतींत अडकलेले लायकोपीन सुटे होऊन त्याचे मोजलेले प्रमाण अडीच पटींवर गेले. ते स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्याने तेलाच्या फोडणीत परतलेल्या टोमॅटोतून ते अंगी अधिक लागते, आणि आपल्या स्वयंपाकात टोमॅटो बहुतेक वेळा तसाच शिजतो. शिवाय अमेरिकेत डब्यात जाणारा टोमॅटो बहुतांशी कॅलिफोर्नियातला, उन्हाळ्यात वेलीवर लाल झालेला असतो, तर जानेवारीत दुकानात ‘ताजा’ म्हणून मिळणारा पुष्कळदा हिरवा तोडून इथिलीन वायूने पिकवलेला असतो. मावशी स्वतःच म्हणायची, की हिवाळ्यातल्या त्या टोमॅटोच्या साराला ना रंग येतो ना आंबटपणा.

दोन्ही कारखान्यातलेच, हा दुसरा मुद्दा शब्दाच्या सैल वापरावर उभा आहे. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठात तयार झालेल्या ‘नोव्हा’ या वर्गीकरणात मीठ घातलेल्या डबाबंद भाज्या ‘प्रक्रिया केलेले’ या तिसऱ्या गटात, तर डाएट सोडा ‘अतिप्रक्रिया केलेले’ या चौथ्या गटात येतो. डबा उघडला की सोललेले अख्खे टोमॅटो आपल्याच रसात बुडालेले दिसतात, बिया आणि गर शाबूत असतो. घटकांच्या यादीत टोमॅटो, त्यांचा रस, मीठ, सायट्रिक आम्ल आणि फोडी घट्ट राहाव्यात म्हणून घातलेले कॅल्शियम क्लोराइड असते. डाएट कोलाच्या यादीत कार्बनयुक्त पाणी, रंग, फॉस्फरिक आम्ल, ॲस्पार्टेमसारखे गोडक, परिरक्षक आणि कॅफीन असते. त्यात तंतू नाहीत, क जीवनसत्त्व नाही, लायकोपीन नाही.

शून्य उष्मांक म्हणजे पोषण नव्हे. 400 ग्रॅमच्या अख्ख्या टोमॅटोच्या डब्यात सत्तर-ऐंशी उष्मांक असतात, म्हणजे एका पोळीहून कमी, आणि तो डबा चौघांच्या भाजीला पुरतो. एवढ्या उष्मांकांपासून कोणाला वाचवायचे आहे? वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशा गोडकांचा आधार घेऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये केली; आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. मात्र ‘सोडा म्हणजे विष’ असे सांगणारे उलट संदेशही चुकीचेच आहेत. ॲस्पार्टेमची दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 40 मिलीग्रॅम आहे आणि एखाद्या कॅनने ती ओलांडली जात नाही.

अस्तराचा मुद्दा लवकर संपतो. बिस्फेनॉल-ए या रसायनाची काळजी रास्त आहे, आणि युरोपीय संघाने अन्नाशी संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्ये त्यावर बंदीही आणली आहे. पण सोड्याच्या ॲल्युमिनियमच्या कॅनलाही आतून अस्तर असतेच. ज्याला ते टाळायचे असेल, त्याने काचेच्या बाटलीतला टोमॅटो घ्यावा.

मिठाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि मावशीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. मीठ घातलेल्या टोमॅटोच्या अर्ध्या कपात साधारण 200 मिलीग्रॅम सोडियम असू शकते, तर सोड्याच्या कॅनमध्ये ते सुमारे 40 मिलीग्रॅम असते. संदेश इथेच थांबतो. त्याच दुकानात, त्याच फळीवर, वरून मीठ न घातलेले डबे मिळतात आणि त्यांच्या अर्ध्या कपात सोडियम 15 मिलीग्रॅमच्या आसपास असते. पोटॅशियम दोन्ही प्रकारच्या डब्यांत 200 मिलीग्रॅमच्या पुढे असते. ते सोडियम शरीराबाहेर टाकायला मदत करते. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मावशीने दोन्ही डब्यांची लेबले कॅमेऱ्यासमोर धरली आणि आम्ही आकडे एकेक करून वाचले. बिनमिठाचे चार डबे तिने त्याच दिवशी आणले.