उलटी प्रदक्षिणा

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, राहायला येऊन मला सात महिने झाले होते आणि तोवर तिथल्या ख्मेर भाषेतले एकही लांब वाक्य मला धड कळलेले नव्हते. त्यामुळे कचेरीतल्या सहकाऱ्याने आपल्या बहिणीची लग्नपत्रिका वाचून दाखवताना शिरोभागीचे ‘सिरी मोंगकोल आपिया-पिपिया’ हे शब्द उच्चारले, तेव्हा माझे कान टवकारले. श्री, मंगल, आवाह, विवाह! पत्रिका ज्या पाकिटातून आली त्याच पाकिटात आहेराची रक्कम घालून ते मांडवाच्या दारात द्यायचे असते, हेही कळले आणि मला आणखीच घरच्यासारखे वाटू लागले. मग त्याने सहज विचारले, “रोमवोंग येतो ना तुम्हाला?”

मी हो म्हणालो. गणपतीच्या मिरवणुकीत सलग चार तास नाचलेल्या माणसाने दुसरे काय म्हणायचे?

रोमवोंग म्हणजे फेर धरून नाचायचा नाच. मध्ये एक टेबल, त्यावर फुले किंवा फळे, आणि त्याभोवती आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे संथपणे फिरत असतात. शेजारच्या लाओस आणि थायलंडमध्येही त्याची भावंडे नांदतात. मध्यभागचे टेबल पाहून मला आमच्या वाड्यातला भोंडला आणि पाटावरचा हत्ती आठवला. परंतु भोंडल्याशी माझा संबंध खिरापत ओळखण्यापुरताच आलेला असल्यामुळे ती आठवण कामाची नव्हती.

शिकवणीसाठी मी गल्लीच्या तोंडाशी सकाळी नोम बान्ह चोक, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि माशांचा रस्सा, विकणाऱ्या बाईंना गाठले. त्यांना सगळी गल्ली ‘मिंग’ म्हणजे मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्या मला ‘क्मुय’, म्हणजे भाचा, म्हणतात. संध्याकाळी त्या मला ऑलिंपिक स्टेडियमवर घेऊन गेल्या. वास्तुविशारद वान मोलिवान यांनी आखलेले आणि 1964 साली खुले झालेले हे स्टेडियम आहे. ऑलिंपिक स्पर्धा तिथे कधीच झाल्या नाहीत. पण प्रेक्षागाराच्या वरच्या कडेवर रोज संध्याकाळी ध्वनिवर्धक लावून घोळक्याघोळक्याने जो नाच-व्यायाम चालतो, त्यातल्या एका घोळक्यात माझी जी शोभा झाली, ती ऑलिंपिक दर्जाची होती.

पाय सोपे आहेत, असे मिंग म्हणाल्या. चालायचे, इतकेच. अडचण हातांची होती. एक हात छातीच्या उंचीवर, दुसरा त्याच्या खाली, आणि तालावर दोन्ही मनगटे आत-बाहेर वळवत हातांनी जागा बदलायच्या. बोटे मागे झुकलेली हवीत. ख्मेर अभिजात नृत्यात हातांच्या मुद्रांमधून रोपटे, पान, फूल आणि फळ दाखवतात आणि तिथल्या नर्तिकांची बोटे लहानपणापासून मागे वाकवून तयार केलेली असतात. रोमवोंगमध्ये त्या लालित्याची नुसती झाक पुरते. माझ्या हातांतून मात्र ना पान उमटले ना फूल. मी अदृश्य ताटात मेथी निवडत आहे, असेच पाहणाऱ्याला वाटले असते.

“मुय-मुय,” मिंग सारख्या बजावत होत्या. ‘मुय’ म्हणजे एक. ‘मुय-मुय’ म्हणजे एकेक करत, सावकाश. खरी परीक्षा इथेच होती. आमच्याकडे नाचाचे मोजमाप घामाने होते. ढोल-ताशा सुरू झाला की अंगात येते, कोपरे जागा करून घेतात आणि चुकलेले पाऊल गर्दीत आपोआप जिरते. रोमवोंगमध्ये जोडीदाराला स्पर्शही करायचा नसतो; सुरुवातीला हात जोडून त्याला नमस्कार करायचा आणि मग इतक्या निवांतपणे चालायचे की प्रत्येक चूक दोन्ही बाजूंनी नीट पाहता यावी. माझी मात्र तिसऱ्याच ठोक्याला मिरवणूक निघे.

ध्वनिवर्धकावर सिन सिसामुथ यांचा आवाज लागला की मिंग बोलायच्या थांबत. साठच्या दशकात साऱ्या कंबोडियाला नाचवणारा हा गायक आणि त्याची सहगायिका रोस सेरेसोथिया, दोघेही 1975 ते 1979 या ख्मेर रूजच्या, म्हणजे जहाल कम्युनिस्ट राजवटीच्या, काळात नाहीसे झाले, गाणी राहिली. त्या काळात मिंग लहान होत्या, एवढेच त्यांनी एकदा सांगितले आणि माझे मनगट धरून पुन्हा नीट वळवले.

मधूनच घोळका ‘मॅडिसन’कडे वळत असे. हा मूळचा अमेरिकी रांगेतला नाच इथल्या लग्नांत असा मुरला आहे की त्याला परका म्हणणाराच परका ठरावा. ठराविक पावलांनंतर सगळी रांग एकदम काटकोनात वळते. मी वळत नसे, आणि त्यामुळे दर फेऱ्यात तीस अनोळखी माणसांशी माझी समोरासमोर दृष्टिभेट होई.

लग्नाच्या दिवशी रस्ता अडवून मांडव घातलेला होता आणि पहाटेपासून ध्वनिवर्धक चालू होते. याही बाबतीत परकेपणाची जाणीव कुणी होऊ दिली नाही. संध्याकाळी गोल टेबलांवर जेवण झाले, बर्फ घातलेल्या बिअरचे पेले भरले गेले आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी ‘चोल मुय!’ असे ओरडू लागले. ‘चोल’ म्हणजे टक्कर. कोंबड्यांच्या झुंजीलाही हाच शब्द आहे. पेल्यांची एक टक्कर होऊन जाऊ द्या, असा त्याचा भाव.

मग रोमवोंग सुरू झाला. मी उठलो, हात जोडले, मनगटे वळवली, बोटे जमतील तेवढी मागे नेली आणि मुय-मुय, मुय-मुय असे पुटपुटत, आयुष्यात प्रथमच घाई न करता, त्या फुलांच्या टेबलाभोवती निघालो. हात खरोखरच चांगले पडत होते. दोष पायांचा होता. मध्ये फुले आणि भोवती वाट असे दिसले की माझे पाय, जन्मभर देवळांत घातलेल्या फेऱ्यांच्या सवयीने, देवाला उजवीकडे ठेवून चालू लागतात. रोमवोंग त्याच्या बरोबर उलट दिशेने फिरतो. स्टेडियमवर मिंग पुढे असल्यामुळे दिशेचा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मांडवभर माणसे एका बाजूने येत होती आणि मी एकटा भक्तिभावाने दुसऱ्या बाजूने. पहिल्या दोन जोड्यांनी मला ललितपणे वाट दिली. तिसऱ्या जागी वधूचे काका होते आणि त्यांच्या हातात पेला होता. बर्फासकट बिअर त्यांच्या उजव्या खांद्यावरून ओघळली. क्षणभर मांडव थबकल्यासारखे मला वाटले. काकांनी खांद्याकडे पाहिले, माझ्या अजूनही वळणाऱ्या मनगटांकडे पाहिले आणि रिकामा पेला उंच करून गर्जना केली, “चोल मुय!”

पुढचे सगळे फेरे मी काकांच्या मागून घातले. जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवण्याची या नाचात मुभा नसते. परंतु त्यांच्या सदऱ्यावरचा तो ओला डाग दिव्यांच्या माळांखाली लांबूनही स्पष्ट दिसत होता.